ज्यानं ओ दिली

तात्या, मंगळवारी सकाळी माझ्या पडद्यावर एक तांबडी ओळ आली आणि तेव्हापासून मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडतो आहे. भांडण नवं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दाढी करताना, एसटीत, ताटावर बसल्यावर मी तुम्हाला एकच प्रश्न विचारत आलो आहे. त्या दुपारी पंपावर तुम्ही ओ का दिली? हाक तुमची नव्हती. तुम्हाला मारायला आलेल्यांना तुम्ही कोण हेही माहीत नव्हतं. या आठवड्यात मात्र हाच प्रश्न एका यंत्राने माझ्यासमोर आणून ठेवला, आणि त्यानंतर जे झालं ते तुमच्याखेरीज कुणाला सांगण्यासारखं नाही.

मी आता साताऱ्यात असतो. ओतकामाचा कारखाना आहे, तिथले सर्व्हर सांभाळतो. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सुटला तो सुटलाच. इथे केबल ओढायला म्हणून लागलो आणि बघत बघत शिकलो. शिक्षण अर्धवट राहिलेल्या माणसाला एक भीती कायम असते, की आपण न शिकलेल्या पानावरच सगळं अडेल. म्हणून मी प्रत्येक अक्षर दोनदा वाचतो. ही सवय तुमचीच. पंपावरच्या फळ्यावर पाण्याच्या पाळ्या मी लिहायचो आणि ‘व्हॉल्व्ह’मधला एक ‘व’ राहिला म्हणून तुम्ही अख्खा फळा पुसायला लावला होता. स्वतः तुम्ही चौथी शिकलेले. पण अक्षर चुकलं की तुम्हाला नुसतं बघून कळायचं, नट तिरका बसला की कळायचं तसं.

आमच्या यंत्रात एक खातं असतं, त्याला रूट म्हणतात. त्या खात्यातून दिलेला हुकूम यंत्र मोडत नाही. पुस म्हटलं की पुसतं, कुणाचं आहे ते विचारत नाही. हुकूम म्हणजे एक लहानसं नाव, आणि त्या नावाचं काम करणारी फाईल कुठेतरी ठेवलेली असते. ती कुठे शोधायची, याची यादी यंत्राकडे असते. तुम्ही खालून ‘पाना आण’ म्हणून ओरडायचा, तेव्हा मी आधी पेटीत बघायचो, मग खुंटीवर, मग खोलीत, तसंच. पहिल्यांदा त्या नावाचं जे सापडेल ते यंत्र चालवतं. त्याच नावाचं दुसरं कुणी पुढे बसलं असेल, खरं असेल, तरी त्याच्यापर्यंत ते जात नाही. मंगळवारची तांबडी ओळ सांगत होती की रूटच्या यादीत ‘जिथे उभा असशील तिथेच आधी बघ’ असं लिहिलेलं आहे. म्हणजे रूट ज्या खोलीत, म्हणजे फोल्डरमध्ये, उभा असेल, त्या खोलीत कुणीही खऱ्या हुकुमाचं नाव लावून बसावं, आणि रूटने हाक मारली की त्याने ओ द्यावी. पुढे जे होईल ते रूटच्या ताकदीने होणार.

मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, “अरे, वॉर्निंग आहे ती, एरर नाही. सोड की.”

मी सोडलं नाही. यादी कागदावर उतरवून घेतली. यादीतली नावं कोलनने तोडलेली असतात. जिथे उभे आहोत त्या जागेसाठी एक टिंब लिहितात, ते टिंब मी शोधत बसलो. टिंब कुठेच नव्हतं. तरी ओळ येत होती. शेवटी पुण्याला ऑडिटच्या मॅडमना फोन लावला. त्यांनी शांतपणे विचारलं, “पहिल्या कोलनच्या आधी काय आहे?”

“काही नाही मॅडम. ओळ कोलननेच सुरू होते.”

“मग तेच. रिकामी जागा म्हणजे ‘इथे’. आधी तिथे कुणाचं तरी नाव असणार. ते गेलं, पण जागा कुणी बुजवली नाही.”

खरंच तसं होतं. जुनं एक सॉफ्टवेअर कधीकाळी यादीत पहिलं होतं. ते काढून टाकलं, त्याचं नाव गेलं, कोलन राहिला. आणि त्या रिकाम्या जागेचा अर्थ यंत्र ‘जो कोणी समोर असेल तो’ असा लावत होतं. मी भट्टीच्या रिपोर्टांच्या फोल्डरमध्ये गेलो. तिथे सगळ्यांना लिहिता येतं. फायलींची यादी दाखवणाऱ्या साध्या हुकुमाच्या नावाची एक फाईल तिथे निवांत बसलेली होती. नोकरी सोडून गेलेल्या एका पोराने ठेवलेली, सहा ओळींची. आधी शिळ्या फायली पुसायच्या आणि मग काही झालंच नाही अशा थाटात यादी दाखवायची. डिस्क भरू नये म्हणून त्याचा जुगाड असावा. तात्या, वर्षभर तिथले रिपोर्ट नाहीसे होत होते. त्यावरून मला आईवरून शिव्या मिळाल्या आहेत. आणि दर वेळी रिपोर्ट कुठे गेले ते बघायला रूटने आत जाणारा मीच होतो. मी बघायचो आणि माझ्या बघण्यानेच आणखी पुसले जायचे.

साहेब मागे येऊन हसले. “तरीच! पोरगं लय डोक्याचं होतं की रं,” एवढंच म्हणाले. मी उठलो आणि त्यांची कॉलर धरली. तिघांनी मिळून मला बाजूला केलं तोवर शर्टाची दोन बटणं माझ्या मुठीत आली होती. मला काय झालं ते त्यांना कळलं नाही. त्यांना वाटलं, शिव्यांचा राग असेल. मला दिसत होतं ते वेगळंच होतं. आष्ट्याच्या अलीकडचा आपला पंप, पत्र्याचं दार, आणि दारात हाताला ग्रीस लागलेले तुम्ही.

तुम्ही मला हाकेवरूनच मारलं होतं. आठवतं? मी अकरावीला होतो. तुम्ही पंपाच्या कपलिंगपाशी वाकलेले, मी स्टार्टरजवळ. काठावरून कुणीतरी ओरडलं, “चालू कर!” आणि मी बटण दाबलं. तुमची बाही आत गेली. तुम्ही दंडाला असा हिसका दिला की शर्ट खांद्यापासून फाटून फिरत्या कपलिंगभोवती गुंडाळला गेला आणि तुम्ही उघडे मागे पडलात. दंडाची साल गेलेली. तसेच उठलात, खुंटीवरचा जुना पट्टा काढला. रबराचा पट्टा कसा लागतो ते ज्याला लागला त्यालाच माहीत. पहिला पाठीवर, दुसरा कानावर. कानाची पाळी फाटली. मी खाली बसलो, तरी थांबला नाहीत. तुमच्या दंडाचं रक्त माझ्या मानेवर पडत होतं आणि तुम्ही एकेका फटक्याला एकेक शब्द बोलत होता. “हाक. कुनाची. हाय. ते. बघ. आदी!”

रात्री आईने कानाला हळद लावली तेव्हा तुम्ही चुलीपाशी येऊन बसलात. माझ्याकडे न बघता भाकरी मोडत म्हणालात, “वरडायला काय, कुनीबी वरडतंय. तोंड दिसल्याबगर हात लावायचा न्हाई.” मग तुमच्या ताटातला खरवस माझ्या ताटात टाकलात. तो खरवस मी खाल्ला नाही, एवढा राग होता. आज फाटलेल्या पाळीला बोट लागलं की पट्टा आठवत नाही, तो खरवस आठवतो.

आणि मग तुम्हीच ओ दिलीत.

पाणीपुरवठा संस्थेत तात्या दोन होते, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. एक तुम्ही, पंपावरचे. दुसरे संस्थेचे सचिव, दुपारची झोप पंपावरच्या खोलीत काढणारे. मे महिन्यात एकाचा ऊस वाळत असताना सचिवांनी त्याचा व्हॉल्व्ह बंद करून त्याला साखळी घातली होती. तो माणूस चावडीवर बोंबलत होता, “तात्याला तोडतो.” गावातल्या कुणालाही कळलं असतं कुठला तात्या. पण त्याने बाहेरची माणसं आणली आणि त्यांना एवढंच सांगितलं, तात्या दुपारचा पंपावर असतो. आपल्याकडे हे असंच. जन्मदाखल्यावरचं नाव शाळेत राहतं आणि माणूस उरलेला जन्म तात्या, आण्णा, बापू होऊन काढतो. पत्त्यालाही तेवढंच पुरतं.

मी सांगलीला कॉलेजात होतो. मला घ्यायला शेजारचा एकजण आला. सरकारी दवाखान्यात तुमच्यावरची चादर मीच काढली. कोयत्याचे घाव मी मोजले नाहीत. मानेवरचा होता, उजव्या खांद्यावरचा होता, आणि डावा हात पंज्यापाशी नुसता कातडीला लोंबत होता, म्हणजे तुम्ही तो आडवा धरला असणार. तोंडावर मात्र एक ओरखडासुद्धा नव्हता. दाढी त्याच सकाळी केलेली.

सचिव तात्या दहाव्यानंतर घरी आले. आई चुलीपाशी भाकरी करत होती. ते दारातच उभे राहून म्हणाले, “वैनी, माजं मरान त्येनं घेतलं.”

आईने मान वर केली नाही. “तुमी कुटं हुता?”

“आतच, पंपाच्या खोलीत. खाटेवर पडलो हुतो.”

“हाक आयकली?”

“आयकली की. मी उठून ओ देनार, तवर त्येनंच दिली.”

आईने तापलेला तवा सांडशीने उचलला आणि फेकला. तो त्यांच्या पोटरीला लागून उंबऱ्यावर आदळला. कातडी जळाल्याचा वास आला. ते ओरडलेसुद्धा नाहीत. आई म्हणाली, “तात्या म्हनून मिरवता न्हवं गावात? मग तवा का मागं ऱ्हायला?” ते लंगडत निघून गेले. आईने तवा उचलला, पुसला आणि उरलेल्या भाकऱ्या केल्या. मी त्या खाल्ल्या.

त्या दिवसापासून माझा राग त्यांच्यावर नाही. कोयतेवाल्यांवर होता, पण तुमच्यावर जास्त. कानाची पाळी फाटेपर्यंत ज्या माणसाने मला ‘हाक कुणाची ते बघ’ शिकवलं, त्याने दारात उभं राहून, समोर तोंड न बांधलेली दोन अनोळखी माणसं दिसत असताना, ‘ओ, काय पायजे?’ म्हणावं? आमच्या कारखान्यात वजनकाट्यावर एक म्हातारे आहेत, त्यांनाही सगळे तात्या म्हणतात. मी त्यांना काका म्हणतो. नव्या पोरांनी गंमत म्हणून मला तात्या म्हणायला सुरुवात केली होती, तेव्हा मी एकाच्या तोंडात मारली. तो शब्द मला जवळ नको होता.

त्या दोन कोयतेवाल्यांतला एक तुरुंगात वारला. दुसरा सुटला आहे आणि रहिमतपुरात एका वेल्डिंगच्या दुकानात कामाला आहे, हे मला पावसाळ्यापासून माहीत होतं. त्याला पैलवान म्हणतात, हेही माहीत होतं. तेव्हापासून तुमचा अठरा इंची पाईप पाना माझ्या पिशवीत असतो. डब्याखाली. मंगळवारी ती सहा ओळींची फाईल पुसली आणि रविवारी रहिमतपूरची एसटी धरली. मारायलाच निघालो होतो. दमदाटी करायची नव्हती, जाब विचारायचा नव्हता. बसमध्ये मी मनात ठरवत होतो, कुठे मारायचं. गुडघा, मग मनगट, मग तोंड. तुमच्या तोंडाला त्यांनी हात लावला नव्हता, मी लावणार होतो.

दुकान रस्त्यालाच होतं. पुढे लोखंडी गेटं उभी केलेली, आत ग्राइंडरचा आवाज, ठिणग्या. पिशवीत हात घालून मी पाना घट्ट धरला आणि ओरडलो, “पैलवान!”

माझ्यापासून दोन हातांवर पाठमोरा बसलेला एक दांडगा पोरगा चटकन उठला. “बोला की.”

तात्या, पाना पिशवीतून निम्मा बाहेर आला होता. तो पोरगा माझ्याहून लहान. तुम्ही गेलात तेव्हा तो चड्डी घालून फिरत असेल. कान मोडलेले, तालमीतले. माझ्या हाताला तेवढ्यात हे कळलं नव्हतं. हाताला एवढंच कळत होतं की हाक मारली आणि कुणीतरी उठलं. हात वर जायला लागलाच होता. डोळ्यांनी तो अडवला, आणि अडवता अडवता खांद्यात अशी कळ आली की पाना खाली फरशीवर पडला.

पोरगा पान्याकडे बघून म्हणाला, “पाना दुरुस्तीला आनलाय व्हय?” आतला दुसरा हसला. “आवं, कंचा पैलवान पायजे? हितं झाडूवालाबी पैलवानच हाय!”

मी पूर्ण नाव सांगितलं. बापाचं नाव, आडनाव, गाव. कोर्टाच्या कागदावर होतं तसं, एक काना न चुकता. ग्राइंडर बंद झाला. मागून एक सुकलेला, पांढऱ्या भुवयांचा माणूस चष्मा कपाळावर सारत आला. मी रोज मनात मारत होतो तो माणूस याच्या दुप्पट होता.

“मीच. कोन तुमी?”

“आष्ट्याकडचा पंप. तात्या.”

त्याने चष्मा काढून हातात घेतला. पळाला नाही. मी विचारलं, “विचारलं का नाहीत? कुठला तात्या म्हणून, एकदा तरी?”

त्याने माझ्या फाटक्या कानाकडे बघितलं. “हाक मारली,” तो म्हणाला. “त्येनं ओ दिली. ओ दिल्याव काय इचारायचं?”

मी मारलं. पाना खाली होता, मुठीने मारलं. ओठ फुटला, दात माझ्या बोटात रुतला. दुसरा ठोसा नाकावर बसला. तिसऱ्याला हात उचलला तोवर पोरग्याने मागून पट काढून मला असं आपटलं की गाल लोखंडाच्या चुऱ्यात घासला आणि श्वासच बंद झाला. गुडघा मानेवर. “कोन हाय रं ह्यो? फोडू का ह्येला?”

म्हातारा पचकन रक्त थुंकला. “सोड.”

“आवं पर हाय कोन?”

“तात्याचा.”

“कंच्या तात्याचा?”

“ज्यानं ओ दिली, त्येचा.”

मानेवरचा गुडघा सुटला. पोरग्याने तांब्या भरून पाणी आणलं आणि दोघांच्या मध्ये ठेवलं. आधी कोण घेतो ते बघत आम्ही दोघेही बसून राहिलो. मग मी उठलो, पाना उचलला आणि स्टँडवर आलो. माफ केलं म्हणून उठलो नाही. गालातला चुरा दुखत होता, आणि त्या पोरग्याचं ‘बोला की’ कानातून जात नव्हतं. मोठ्या उत्साहाने उठला होता तो, गिऱ्हाईक आलं म्हणून.

सोमवारी साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो. ते माझ्या गालाकडे बघून म्हणाले, “आता कुनाची कॉलर धरलीस?” आणि चहा मागवला. मी रूटची यादी नव्याने लिहिली. पहिल्या कोलनच्या आधी खऱ्या खोलीचं नाव, पूर्ण, मुळापासून. सगळ्यांना लिहिता येईल अशी एकही जागा यादीत ठेवली नाही. तपासणी पुन्हा चालवली. तांबडी ओळ आली नाही. पुण्याच्या मॅडमना कळवलं, त्या ‘छान’ म्हणाल्या. मी हुशार नाही तात्या, त्यांनी विचारलं नसतं तर मी अजून टिंबच शोधत असतो.

दुपारी वजनाच्या चिठ्ठ्यांची केबल बघायला काट्याकडे चाललो होतो. हातात केबलचं टोक दाबायची पकड, डोकं कामात. मागे ट्रकचा दरवाजा आपटला आणि कुणीतरी ओरडलं, “तात्या!”

“ओ,” मी म्हणालो.

मान नंतर वळली. तोंड नंतर दिसलं. खिडकीतून डोकं काढलेला ड्रायव्हर हसत होता. “तुमी न्हवं वं. काट्यावरलं तात्या!” आणि मागच्या टपरीतून काका, हातातला कप तसाच धरून, बाहेर येत होते. ओ द्यायला तोंड उघडलेलं, पण आवाज अजून आलेला नव्हता.

इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की हाक आणि ओ यांच्यामध्ये थोडी जागा असते. तिथे माणूस बघतो, ओळखतो, ठरवतो, आणि तुम्ही तिथे काहीतरी चुकीचं ठरवलंत. किंवा, कधी कधी रागाच्या भरात असंही वाटायचं, की तुम्ही मुद्दाम ठरवलंत, आत झोपलेल्या माणसासाठी. तिथे जागाच नाही हो. हाताला असते. हाताला तुम्ही पट्ट्याने थांबायला शिकवलंत आणि रविवारी रहिमतपुरात तो थांबला. तोंडाला कुणी शिकवलेलं नसतं.

हे कागद मी नदीत सोडणार नाही की तुमच्या फोटोमागे ठेवणार नाही. आईला सापडले तर ती वाचून घेईल कुणाकडून तरी, आणि तिला रहिमतपूर कळायला नको. फाडून टाकेन. पाना पिशवीतून काढून माळ्यावर ठेवला आहे. आणि एक सांगायचं राहिलं. त्या ड्रायव्हरला मी ‘मी नाही’ म्हणून सांगितलं नाही. काकांच्या आधी मीच ट्रकपाशी गेलो आणि म्हणालो, “काय पायजे?”